राखायला दिलेली जागा

हेझल टॅप्लिन तोंडाची फटकळ होती, हे सगळ्या कालव्याला माहीत होतं. सुट्टीवर आलेली मंडळी भाड्याची बोट दामटत तिच्यासमोरून गेली, की ती खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारायची, "काय रे बदका, घरी आग लागलीय का?" आमच्या लेस्टरकडे सगळ्यांनाच लाडानं बदक म्हणतात, पोस्टमनला आणि पाद्र्यालासुद्धा, पण हेझलच्या तोंडून ते ऐकलं की माणूस निमूट वेग कमी करायचा. फटकळ होती तशी हाताची सढळही होती. ज्याचा कोळसा संपला त्याला अर्धं पोतं, ज्याला सर्दी झाली त्याला वाटाण्याचं दाट सूप, आणि ज्याची बायको सोडून गेली त्याला दोन्ही, वर सल्ला फुकट.

ती काही पाण्यावर जन्मलेली नव्हती. हिंकलीत मोज्यांच्या कारखान्यात तिची तरुणपणाची वर्षं गेली. कारखाना बंद पडला तेव्हा नवरा डेरेक म्हणाला, घर विकू आणि बोट घेऊ. हेझलनं त्याला वेड्यात काढलं, आठवडाभर अबोला धरला, आणि मग खिडक्यांच्या पडद्यांचं माप घ्यायला निघाली. 'लॅपविंग' ही साठ फूट लांब आणि जेमतेम सात फूट रुंद बोट. तीत एकानं चहा करायचा तर दुसऱ्यानं बसून राहायचं. डेरेक त्या बोगद्यात मोठ्या सुखानं राहिला आणि एका सकाळी चहाचा कप हातात असतानाच गेला. बहीण मॅव्हिस स्केगनेसहून धावत आली. म्हणाली, चल माझ्याकडे, मागची खोली रिकामीच आहे. हेझल चार दिवस राहून परत आली. त्या खोलीत खाली गालिचा, भिंतीला हीटर, आणि रात्रभर काहीही हलत नाही. आपण मेलोय की काय असं वाटलं म्हणे तिला.

तिच्या पाण्यावर राहण्याचा सगळा आधार म्हणजे तिची जागा. थॉर्पवेलच्या पुलाजवळ, काठवाटेच्या, म्हणजे कालव्यालगतच्या सार्वजनिक पायवाटेच्या, समोरच्या बाजूला, जेफ गिल्बीच्या शेताची कड. ज्याला अशी कायमची जागा नसते त्याला कालव्याचा नियम पंधरवड्यापेक्षा जास्त कुठं टेकू देत नाही. ऊठ, दोर सोड, पुढं हो, आणि पुढं होताना एकामागून एक लॉक, म्हणजे बोटीला पाण्यासकट वर-खाली नेणारे ते दारांचे हौद, पार कर. तरुणांचं ठीक आहे. हेझलचा उजवा खुबा झिजलेला होता, शस्त्रक्रियेच्या रांगेत नाव लागून दुसरा हिवाळा येत होता, आणि लॉकचं दार उघडायचं म्हणजे त्याची ओकची भली मोठी तुळई पाठीनं रेटायची. एकटीनं ते तिला आता जमत नव्हतं. जागा आहे म्हणून बोट आहे, असं ती स्वतःच म्हणायची. जागा गेली की मॅव्हिसची मागची खोली.

या जागेला कागद नव्हता. म्हातारा जेफ तिला म्हणाला होता, तुझी बोट इथं आहे तोवर जागा तुझी. बदल्यात हेझल त्याचं कुंपण छाटायची, मेंढी पाण्यात पडली की आरडाओरडा करायची, आणि आई गेलेल्या कोकरांना बाटलीनं दूध पाजायची. आमचे अर्धे व्यवहार असेच चालतात आणि कागद मागणाऱ्याला लोक हसतात. जेफ वसंतात वारला. मुलगा माइल्स ब्रिस्टलमधली नोकरी सोडून शेतावर आला. दफनाच्या दिवशी त्यानं हेझलचा हात हातात घेऊन सांगितलं की बाबांनी ठरवलंय ते तसंच राहील. हेझलला तेवढं पुरे झालं.

आता क्लिफ स्पेंडलव्ह. पूर्वी बस चालवायचा. काटकुळा, सदा खोकणारा, आणि तुम्हाला हसवून हसवून तुमच्याच डब्यातली बिस्किटं संपवणारा. त्याला जागा नव्हती. वर्षभर तो कालव्यावर पुढं-मागं फिरायचा आणि फिरता फिरता थॉर्पवेलला येऊन टपकायचा. डेरेक गेल्यानंतरचा पहिला हिवाळा लॅपविंगचं इंजिन रोज सकाळी त्यानंच चालू करून दिलं होतं, हे मात्र खरं. लोक काहीबाही बोलायचे. हेझल म्हणायची, क्लिफशी लग्न करण्यापेक्षा मी इंजिनाशी करेन, ते निदान खोकून झाल्यावर कामाला तरी लागतं.

जागा राखणं ही आमच्याकडची रीत. तुम्ही बोट घेऊन कुठं गेलात आणि काठ मोकळा दिसला, तर कुणीतरी येऊन बांधतोच, आणि बांधलेल्या बोटीला ऊठ म्हणणं जड जातं. म्हणून जाताना आपल्या माणसाला सांगायचं. तो स्वतःची बोट तुमच्या जागी आणून लावतो. परत येताना पुलाअलीकडं दोनदा भोंगा वाजवला की तो दोर सोडून बाजूला होतो. क्लिफनं हेझलची जागा असे कितीतरी उन्हाळे राखली होती. भोंगा वाजायचा अवकाश, याची बोट मोकळी, किटली चढलेली, आणि हा काठावर उभा राहून राणी आल्यासारखा सलाम ठोकणार.

यंदा सप्टेंबरात क्लिफ लॅपविंगच्या कडेला उकिडवा बसला, पाण्याच्या रेषेजवळचा पत्रा नखानं खरवडला आणि तोंड वाकडं केलं.

"गंज आत गेलाय गं. हिवाळ्याआधी बाहेर काढून बुडाला काळा रंग मारून घे. नाहीतर एखाद्या रात्री झोपेतच बुडशील."

हेझल म्हणाली की रंग लावून फार दिवस झाले नाहीत. त्यावर क्लिफ म्हणाला, पत्र्याला काय कॅलेंडर वाचता येतं? वाटेतल्या लॉकवर तिला हात द्यायला त्यानं ओळखीचं एक जोडपंही शोधून दिलं, ते त्याच बाजूला निघालं होतं. जागेचा विषय तिनं काढलाच नाही. काढायची गरजच कुठं होती? दोर सोडताना तो आपणहून म्हणाला, "तू निवांत जा. मी आहे ना इथं."

बोटी दुरुस्त करणाऱ्या यार्डची मालकीण बर्निस. कोरड्या गोदीत बोट टेकली, पाणी ओसरलं, तशी ती हातोडी घेऊन बोटीच्या बुडाखाली गेली आणि जागोजागी ठोकून वर आली. तिनं हेझलला विचारलं की हिला आता आणायला तुला सांगितलं कुणी? पत्रा ठणठणीत होता, अजून दोन वर्षं काही झालं नसतं. हेझल मोकळेपणानं हसली. क्लिफला चष्मा बदलायला हवा, म्हणाली. आता आलेच आहे तर मारून टाक रंग. रंग वाळेपर्यंत ती बर्निसच्या ऑफिसात झोपली आणि निघताना क्लिफसाठी एक मोठा पोर्क पाय, म्हणजे डुकराच्या मांसाची भाजलेली पेस्ट्री, विकत घेतला, मेल्टनचा, त्याला आवडतो तसा. आपल्यापायी बिचारा एका जागी अडकून पडलाय, असं तिला वाटत होतं.

परतीच्या वाटेवर लॉकवर भेटेल त्याची मदत घेत घेत ती दुपारी थॉर्पवेलच्या पुलाशी आली आणि भोंगा दोनदा वाजवला. पुलाखालून बोट बाहेर आली तर क्लिफची बोट होती तिथंच, दोन्ही दोर ताणून बांधलेले. तिनं पुन्हा भोंगा वाजवला. तेव्हा क्लिफ सपाता घालून बाहेर आला. सलाम नाही, काही नाही. त्यानं ओरडून सांगितलं की इंजिन चालू होत नाहीये, बॅटरी मेली असावी. आजच्या दिवस समोर बांध, उद्या बघू.

बॅटऱ्या मरतातच. हेझलनं समोरच्या काठवाटेला लॅपविंग बांधली आणि पोर्क पाय घेऊन पुलावरून लंगडत पलीकडं गेली. क्लिफनं तो खाल्ला, पण बोलला फारसं नाही आणि विनोद तर एकही केला नाही. खोकला वाढलाय याचा, तिला वाटलं. काठावरून बोटीत उतरायला त्यानं फळ्यांची एक पक्की पायरी ठोकली होती, शेजारी पाण्याचं पिंपही आणून ठेवलं होतं. दुसऱ्याच्या जागेत चार दिवसांचा पाहुणा पायरी कशाला ठोकेल, असा प्रश्न तुम्हाला-मला पडला असता. हेझलला वाटलं, आपल्या खुब्यासाठी केलीय. तिला भरून आलं. परत जाताना त्या पायरीवर तिनं मुद्दाम पाय दाबून पाहिला आणि छान झालीय म्हणून त्याला सांगितलंही. क्लिफ तेव्हा बशा विसळत होता, त्यानं मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं लॅपविंगमधली जादाची बॅटरी ढकलगाडीत घातली. त्या बॅटरीचं वजन चांगल्या गुबगुबीत पोराइतकं. पुलाचा चढ तिनं दोनदा थांबून पार केला आणि गिल्बींच्या अंगणातून शेताच्या वाटेला लागणार तोच माइल्स गोठ्यातून बाहेर आला. तिला पाहून त्याला मनापासून आश्चर्य वाटलेलं दिसलं.

"अहो हेझल, तुम्ही अजून इथंच? मला वाटलं स्केगनेसला पोचलातसुद्धा."

"स्केगनेसला मी कशाला जाऊ? मरायला?"

माइल्स हसायला लागला आणि मधेच थांबला. मग त्यानं चाचरत सांगितलं. हेझलची बोट गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी क्लिफ वर घरी आला होता. म्हणाला, खुब्यामुळं हेझल पाणी सोडतेय, बोट विकायला यार्डात नेलीय, बहिणीकडं राहायला चाललीय. तुम्हाला तोंडावर सांगायला तिला अवघड वाटतं, पण जागा मला मिळावी अशी तिची इच्छा आहे. माइल्सला त्यात खोटं वाटण्यासारखं काही दिसलं नाही. जागा रिकामी झालेली त्यानं डोळ्यांनी पाहिली होती, आणि क्लिफ तिचा मित्र हे तर सगळ्यांनाच ठाऊक. तो हो म्हणाला होता.

ढकलगाडीचे दांडे तिच्या हातात होते, ते तिला सोडता येईनात. अंगणात कोंबड्या फिरत होत्या, त्यांच्याकडं बघत ती नुसती उभी राहिली. बर्निसनं ठोकलेला तो ठणठणीत पत्रा तिच्या डोक्यात आला, मग ते लॉकवर मदतीला दिलेलं जोडपं, मग पायरी. सगळं एकात एक बसलं.

शेवटी तिनं सांगितलं की यातलं एक अक्षरही खरं नाही. माइल्स कानापर्यंत लाल झाला. वाईट माणूस नव्हता तो, पण भांडणाचा वास आला की पळ काढणाऱ्यांतला होता, आणि असल्या भल्या माणसांनी जगाचं किती नुकसान केलंय याचा हिशोब कुणी ठेवत नाही. मी त्याला शब्द दिलाय, तो म्हणाला. वरचं कुंपणही त्यानं छाटायला घेतलंय. तुमच्यातलं तुम्ही मिटवा. क्लिफनं इथं येऊन मला सांगितलं की चूक झाली, तर माझी काही हरकत नाही, जागा तुमचीच.

ती गाडी ढकलत काठावर आली. क्लिफ पायरीवर बसून सिगरेट वळत होता. तिनं गाडी गवतात उभी केली.

"इंजिन चालू कर," ती म्हणाली.

क्लिफनं बॅटरीकडं पाहिलं, मग तिच्याकडं. तिला वर काय कळलंय हे त्याला समजलं असावं. तो उठला, आत गेला आणि त्यानं किल्ली फिरवली. इंजिन पहिल्याच झटक्यात चालू झालं आणि मजेत धडधडत राहिलं. त्यानं ते बंद केलं.

"वर जा आणि माइल्सला खरं काय ते सांग."

"माझ्याच्यानं आणखी एक हिवाळा नाही निघणार, बदका," क्लिफ म्हणाला. "डॉक्टर म्हणतात छाती संपलीय. बर्फात दर पंधरा दिवसांनी दोर सोडायचे, दारं रेटायची, रस्त्यातच मरेन मी एखाद्या दिवशी. तुझं बरं आहे, तुला बहीण आहे, गरम खोली आहे. मला कोण आहे?"

"तुला मी होते," हेझल म्हणाली.

ती बॅटरी घेऊन परत निघाली. येताना पूल चढायला दोनदा थांबली होती, जाताना किती वेळा थांबली ते तिचं तिलाच ठाऊक.

काठवाटेवर बांधायला तिला पंधरवडा मिळाला होता, आणि तो सगळा तिनं स्वतःच्या जागेकडं बघत काढला. मध्ये पाणी ते केवढंसं. क्लिफच्या किटलीची शिट्टी तिला ऐकू यायची. बातमी कालवाभर पसरली. कोळसावाला म्हणाला, मी त्याला कोळसा देणार नाही, आणि आठवड्यानं देऊन मोकळा झाला. कुणी म्हणालं वकील कर. कुणी म्हणालं, क्लिफचंही बिचाऱ्याचं खरं आहे, छाती वाईटच आहे त्याची. हे 'बिचारा' ऐकलं की हेझलच्या अंगाची लाहीलाही व्हायची. तिला राग जागेपेक्षाही त्या पायरीचा होता. छान झालीय म्हणून आपण त्याला सांगितलं, आणि त्यानं ते ऐकून घेतलं. त्या एका वाक्यावर ती रात्री कूस बदलायची.

आणि तरीही ती वाट बघत होती. लॅपविंगच्या खिडकीतून गिल्बींच्या घराकडं चढत जाणारी पायवाट स्वच्छ दिसायची. सकाळचा चहा घेऊन ती तिथंच बसायची. क्लिफ उठेल, बूट घालेल, ती वाट चढून जाईल आणि चार शब्द बोलून खाली येईल. पाच मिनिटांचं काम. क्लिफ कुंपण छाटायचा, पिंप भरायचा, शेगडीसाठी लाकडं फोडायचा. एकदा तो त्या वाटेनं वर जायला निघाला तेव्हा हेझल कप ठेवून उभीच राहिली. तो अर्ध्या वाटेवरच्या मेंढ्यांना चारा टाकून परत आला.

मुदत संपली त्या सकाळी थंडी कडाक्याची होती. हेझलनं दोर सोडले आणि पहिल्या लॉकशी आली. वरचं दार उघडंच होतं, बोट आत घालून तिनं ते कसंबसं लावलं. आता खालच्या टोकाच्या झडपा उघडून पाणी सोडायचं, बोट खाली उतरली की खालचं दार रेटायचं. झडपेचं हँडल ती फिरवत होती तेवढ्यात काठवाटेवर सायकल वाजली. क्लिफ उतरला, खोकला, आणि दुसऱ्या झडपेकडं गेला. नको म्हणावं असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण ते दार तिला एकटीला उघडता येणार नव्हतं, आणि मागंपुढं कुणी दिसत नव्हतं. ती लॅपविंगवर जाऊन सुकाणूशी उभी राहिली.

पाणी उतरत गेलं तशी बोट शेवाळलेल्या भिंतींमधून खाली खाली गेली. क्लिफ वर राहिला.

"एक विचारू?" ती खालून म्हणाली. "दोन बोटी एकीला एक लावून बांधल्या तर चालेल का, असं माइल्सला विचारलं होतंस? माझी काठाला, तुझी तिच्या बाहेरून. मी ये म्हटलं असतं."

"नाही विचारलं."

"आणि मला?"

क्लिफनं तुळईला पाठ लावली आणि पाय रोवून रेटायला लागला. दार हळूहळू उघडलं. त्याला धाप लागली होती, तो थोडा वेळ तसाच टेकून उभा राहिला. मग म्हणाला, "वसंतात चहाला ये. तोवर माइल्सशी बोलून काहीतरी..."

"वसंतात माझ्याकडं बोट नसेल, क्लिफ. बर्निसला सांगितलंय, ती गिऱ्हाईक बघतेय. बोट तिच्याकडं लावायची आणि मॅव्हिसकडं जायचं. तू माइल्सला सांगितलंस ना, अगदी तसंच. आता ते खोटं राहिलं नाही. झोप निवांत."

तिनं इंजिनाला गती दिली. या बोटींचं सुकाणू अगदी मागच्या टोकाला, त्यामुळं आधी अख्खी लॅपविंग दारातून बाहेर गेली, नवा काळा रंग, डेरेकनं रंगवलेली अक्षरं, हेझलनं शिवलेले पडदे, आणि सगळ्यांत शेवटी हेझल. ती क्लिफच्या खालून गेली तेव्हा तो थांब म्हणाला. इंजिनाच्या आवाजातही तिला ते स्वच्छ ऐकू आलं. ती थांबली नाही. थांबून वर पाहिलं असतं तर तिला त्याची कीव आली असती, आणि एवढं सगळं त्याला देऊन झाल्यावर आता तीही द्यायची तिची तयारी नव्हती.